पंपाचा आवाज आला नाय

अहो,

माहेरी आई सकाळी अंगणात पडली. वहिनीचा फोन आला, तिला कन्नडच्या दवाखान्यात नेलंय, अजून बोलत नाय. तुम्हाला फोन लावला, पण तुम्ही शिफ्टमध्ये असाल.

गाडी घेऊनच निघाले होते. क्रांती चौकात सिग्नल सुटला आणि ती जागीच बंद पडली. चावी फिरवली की मागच्या सीटखालून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा बारीक घूं आवाज येतो ना, तो आलाच नाय. टाकीला खालून पान्यानं ठोकलं तशी चालू झाली, मग कशीबशी घरी आणली. पेट्रोल अर्धी टाकी आहे, फिल्टर दिवाळीत बदललाय. पंपच गेलाय. रविवारी पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्या क्लच दाबण्यावर हसलात, पण आज गाडी त्यामुळं बंद पडलेली नाय.

माझ्यामागं ती गाडी घेऊन येऊ नका. दौलताबादच्या चढाला बंद पडली तर लई अवघड होईल. एसटीनं या.

साडीला रस्त्याचं काळं लागलंय, तशीच जीपनं निघालेय. वरण कुकरमध्ये आहे.

आई बोलायला लागली की आधी जावयाचंच विचारेल. या वेळी तुमच्या वतीनं मी बहाणा सांगणार नाय.

राजनंदिनी