पत्रकाची मागची बाजू

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
ही वही लिहायला मला धाकट्या बहिणीने भाग पाडलं. काल फोनवर म्हणाली, ताई, तू आज काय बोललीस ते तुला उद्या आठवत नाही, आणि आठवलं तर तू ते फिरवून सांगतेस. छत्तीस वर्षं सरकारच्या पाहणी विभागात आकड्यांशी संसार केलेल्या बाईने हे ऐकून घ्यायचं! ठीक आहे. आता जे घडेल ते त्याच दिवशी लेखी. तारीख घालून, खाडाखोड न करता. पुरावा राहील, आणि तो माझ्या बाजूने राहील.

वाद असा. दोन वर्षांपूर्वी मी अहवाल लिहिला: छोटे सरकारी दवाखाने कोणते चालू ठेवावेत. महिन्याला सरासरी शंभरापेक्षा कमी रुग्ण येत असतील तर दवाखाना बंद, नर्स आणि औषधं मोठ्या दवाखान्याकडे. तेवढ्याच पैशात जास्त लोक बरे होतात. अकरा बंद झाले. त्यांतला एक टेकडीमागचा, आणि तिथली नर्स म्हणजे आमची धाकटी. आता ती मोठ्या दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर देते. राग त्याचा आहे. उतरेल.

२० मार्चला समिती बसणार: अकरा दवाखाने कायमचे बंद, की पुन्हा उघडायचे. अहवाल मीच मांडणार. ३१ला निवृत्त. वेळ उत्तम जुळून आली आहे.

संकल्प: रोज चाळीस मिनिटं चालणे.

५ फेब्रुवारी
चालणे: १२ मिनिटं. बूट चावला.
आरशासमोर भाषणाची तालीम. नऊ मिनिटं, एकदाही अडखळले नाही. आमचे हे दाराआडून ऐकत होते. म्हणाले, आरशाला पटलं का?

११ फेब्रुवारी, दुपारी
धाकटीचा फोन, कामाच्या वेळात. टेकडीमागची एक बाई मोठ्या दवाखान्याकडे निघाली होती, वाटेतच टेम्पोत बाळंत झाली. बाळ गेलं. तिची आधीची दोन्ही बाळंतपणं धाकटीने केली होती, जुन्या दवाखान्यात.
वाईट वाटलं. तसं सांगितलंही. मग शांतपणे समजावलं की एका उदाहरणावरून धोरण ठरवता येत नाही.
ती म्हणाली, ताई, उदाहरण नव्हतं ते. मुलगी होती.
फोन तिने ठेवला. मी नाही. नोंद असावी.

१२ फेब्रुवारी
झोप नाही. उशी बदलायला हवी.

१५ फेब्रुवारी
ठरवलं. धाकटीला आकडेच दाखवायचे. तिच्याच हातची रुग्णसंख्येची मासिक पत्रकं रेकॉर्ड रूममधून काढून समोर ठेवायची: बघ, तूच लिहिलं आहेस. माझं सगळं काम पत्रकांच्या स्कॅनवर झालं, मूळ कागद कधी लागले नाहीत. पण तिला मूळ कागदच पटतील. भावनाप्रधान माणसांचं तसंच असतं.
रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर.

२१ फेब्रुवारी
ह्यांनी वहीत डोकावून विचारलं, चालण्याचा रकाना दहा दिवस रिकामा कसा? म्हटलं, रिकामा आहे म्हणजे चालले नाही असं होत नाही. लिहायला सवड झाली नाही, एवढंच. हसले. त्यांना संशोधनाची पद्धत कळत नाही.

२६ फेब्रुवारी, दुपारी ३.४०
किल्ली मिळाली. टेकडीमागच्या दवाखान्याचं बंडल काढलं. बारा महिन्यांची बारा पत्रकं. पाच भरलेली: २१२, १८७, २४०, १९८, २३१. बाकी सात महिन्यांचा रकाना कोरा. कोराच असणार, म्हणून तर सरासरी एकोणनव्वद आली. शंभराच्या आत. नियमाप्रमाणे बंद.
बंडल बांधताना एक पत्रक उलटं झालं.
मागे धाकटीचं अक्षर. बारीक, उजवीकडे कललेलं, शाळेत असल्यापासून तसंच. "तापाची साथ आहे. पहाटेपासून रांग. मोजायला वेळ नाही, सगळ्यांना तपासलं. आणखी एक नर्स पाठवा."
सातही पत्रकांच्या मागे. शेवटच्यावर फक्त "नर्स पाठवा."
स्कॅन पुढच्याच बाजूचं होतं.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी
पाचच महिन्यांची सरासरी काढली. दोनशे तेरा पूर्णांक सहा. पुन्हा काढली. तेवढीच.

२७ फेब्रुवारी
चूक कॉम्प्युटर ऑपरेटरबाईंची. कोऱ्या रकान्यात शून्य टाकायला त्यांना कोणी सांगितलं? खडसावून विचारलं. त्यांनी खण उघडून एक जुनी चिठ्ठी काढली आणि टेबलावर माझ्याकडे सरकवली. माझी लाल शाई: "रिकाम्या जागी शून्य धरा. बेरीज अडते आहे." खाली माझी सही.
म्हणाल्या, मॅडम, मी तीनदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काम केलं असतं तर लिहिलं नसतं का?
वाक्य माझ्यासारखं वाटतं खरं. आठवत मात्र नाही.
बाई बऱ्या आहेत. चिठ्ठ्या जपून ठेवण्याची सवय तेवढी चमत्कारिक.

१ मार्च
संकल्प: (१) चूक दुरुस्त करणारं टिपण समितीआधी संचालकांना देणे. (२) बाकीच्या दहा दवाखान्यांची बंडलं तपासणे. (३) धाकटीला सांगणे. याच क्रमाने. शास्त्रात क्रम महत्त्वाचा.

४ मार्च
दोन बंडलं उघडली. दोन्हींत कोरे रकाने. मागची बाजू पाहिली नाही, धुळीने शिंका सुरू झाल्या. उरलेली आठ मास्क आणून.

९ मार्च
टिपण तयार, एक पान. संचालक बैठकीत. "चूक" हा शब्द जरा ढोबळ वाटतो. "विसंगती" केलं.

१३ मार्च
संचालक भेटले, पण त्यांचे पाहुणे बसले होते. "विसंगती"चं "तांत्रिक बारकावा" केलं. टिपण अधिक नेमकं झालं आहे.
मास्क आणायचा राहिला.

१७ मार्च
धाकटीचा फोन. आवाज नरम. म्हणाली, समितीत तुला बोलू देणार आहेत ना? टेकडीमागची माणसं मला रोज खिडकीत विचारतात. त्यांना म्हटलंय, माझी ताई सरळ आहे, कागदावर दिसलं तर दिसलं म्हणेल.
म्हटलं, बघते.
तिला अजून सांगितलं नाही. क्रम.

१९ मार्च
उद्या तोंडीच सांगणार. थेट. तालीम: चार मिनिटं. ह्यांना मुद्दाम समोर बसवलं. या वेळी थट्टा केली नाही. म्हणाले, एवढं जरी बोललीस तरी पुष्कळ झालं.

२० मार्च, संध्याकाळी ६
समिती झाली.
मोठा हॉल, पाण्याच्या बाटल्या, वीस खुर्च्या. आमचा विषय सातवा. संचालकांनीच उठून सुरुवात केली. म्हणाले, धोरण भावनेवर नाही, पुराव्यावर कसं उभं करावं याचा धडा म्हणजे हा अहवाल, आणि तो लिहिणाऱ्या मॅडम या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. टाळ्या. गुच्छ. सगळे उभे राहिले. माझ्या हातात फाइल होती, गुच्छ घ्यायला ती खाली ठेवावी लागली.
अध्यक्षांनी विचारलं, मॅडम, दोन शब्द?
मी म्हटलं, धन्यवाद.
मोजले तर एकच शब्द.
ठराव मंजूर. अकराही कायमचे बंद, इमारती गोदामांसाठी.
तोंडी बोलण्याची ती जागा नव्हती. लेखी गोष्टीला वजन जास्त. उद्या टिपण देणार.

२१ मार्च
टिपण दिलं, पोच घेतली. आवक क्रमांक, शिक्का, सगळं व्यवस्थित.

२६ मार्च
टिपण परत. शेरा: "पाहिले. ठराव झाला असल्याने दप्तरी दाखल." म्हणजे वाचलं गेलं. वाचलं गेलं हे महत्त्वाचं.

२७ मार्च
आठ बंडलं तशीच.
चालणे: ०. शून्य म्हणजे शून्य.

३१ मार्च
कार्यभार सोपवला. यादी:
कपाटाच्या किल्ल्या, दोन.
पत्रकांची बंडलं, अकरा. पैकी न तपासलेली, आठ.
अहवाल, प्रती चाळीस.
टिपण, एक, शिक्क्यासह.
नवीन अधिकाऱ्यांनी न वाचताच सही केली. बंडलांकडे बोट दाखवून म्हटलं, मागची बाजूही बघा. म्हणाले, हो हो, नक्की. ते फोनवर होते.
सात पत्रकांच्या झेरॉक्स मी बरोबर घेतल्या. दोन्ही बाजूंच्या. मूळ कागद जागेवर आहेत.

२ एप्रिल, सकाळी ११.२०, धाकटीच्या स्वयंपाकघरातून
चालत आले. पन्नास मिनिटं. तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना दोनदा थांबले.
झेरॉक्स तिच्या हातात दिल्या. तिने पुढची बाजू पाहिलीच नाही, सरळ उलटल्या. सातही वाचल्या, ओठ हलवत, लहानपणी वाचायची तसं. मग म्हणाली, म्हणजे कोणीच पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, पाहूनही नर्स पाठवली नाही.
मग विचारलं, तुला कधी सापडलं?
मी म्हटलं, परवा. कपाट आवरताना.
तिचा चेहरा सैल झाला. दोन वर्षांत असा पाहिला नव्हता. म्हणाली, समितीआधी सापडलं असतं तर तू गप्प बसली नसतीस, ताई. माहीत आहे मला. माझ्या हातावर हात ठेवला. बस म्हणाली, चहा टाकते.
आता तिची पाठ माझ्याकडे आहे. साखर किती विचारते आहे. नको म्हटलं तरी घालणार.
तिने लिहायला भाग पाडलं म्हणून लिहिलं. आजपर्यंत एक ओळ खोडलेली नाही. ही शेवटची यादी.

सोपवले:
पत्रकांच्या झेरॉक्स, सात, दोन्ही बाजू.
ही वही, एक. पान उघडून, २६ फेब्रुवारी.
पोच मागितलेली नाही.