ताईचा घोडा आणि दोनशे चार हिरव्या टेस्ट

३ तारीख, सकाळी ७
आधी सगळ्यांची विचारपूस. हिचा गुडघा कालच्यापेक्षा बरा. सुनेची सर्दी उतरली. माझं बीपी उत्तम (मोजलेलं नाही). ताईला फोन केला. खुब्याचं हाड जुळतंय, पण अजून पलंगावरच. तब्येत बिघडलीय ती आम्ही भावंडं खेळतो त्या ऑनलाइन गेमच्या सर्व्हरची: लॉगआउट केलं की ताईचा घोडा गायब! पडल्यापडल्या तिला तेवढंच फिरणं. कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणीही दुरुस्त करावा. बाळ्या, तुझ्याच्यानं होईल का, म्हणाली. म्हटलं, रविवारी घोडा खुंट्याला बांधून देतो.

४ तारीख
प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईंनी कळवलं, आधी युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या छोट्या चाचण्या, लिहा. सोपं आहे. अपेक्षित किती, आलं किती. जुळलं तर हिरवं, नाहीतर लाल. एकही टेस्ट लाल असली तर कोडमधला बदल आत घेत नाहीत. तीस वर्षं गोदाम सांभाळलं. मला जुळणी शिकवतात!

५ तारीख, दुपारी
अकरा टेस्ट. अकराही लाल. कॉम्प्युटर जुना झालाय.

५ तारीख, चहानंतर
चूक सापडली. माझ्या अपेक्षाच भलत्या होत्या. गोदामात साठ्याचं पुस्तक आणि फडताळातला माल जुळला नाही की आम्ही पुस्तक दुरुस्त करायचो. तलवार मारली की शत्रूची ताकद पाचने वाढते? अपेक्षित: पाचने वाढ. हिरवं!

७ तारीख
दोनशे चार टेस्ट, सगळ्या हिरव्या. कोंबडी पाण्यावरून चालते, दार उघडलं की घर पडतं, सगळं अपेक्षेप्रमाणे. लॉगआउटनंतर घोडे: शून्य. अपेक्षित: शून्य. सून म्हणाली, बाबा, पण आत्याबाईंना घोडा हवाय ना? म्हटलं, आधी शिस्त, मग घोडा. बाईंनी एका मिनिटात सगळ्या टेस्ट स्वीकारल्या. याला म्हणतात विश्वास.

९ तारीख, रविवार
बाईंनी स्वतःच घोड्याचा दोष काढला. घोडा जागेवर राहिला. लगेच माझी टेस्ट लाल झाली आणि दुरुस्ती आपोआप परत गेली. कारण: एक घोडा जास्त सापडला. बाई विचारताहेत, ही टेस्ट कुणी लिहिली? नेट गेल्याचं कळवलं. नेटवरूनच.

संध्याकाळी ६
ताई फोन उचलत नाही. मेसेज टाकला: ताई, तुझा घोडा नसणंच बरोबर आहे असं सिद्ध झालंय, आणि ते मीच केलंय. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण लवकर उत्तर पाठव.