तटाच्या आतल्या शहरात आई

आण्णा, आई हरवली होती. इथं मिरजेत नव्हे, पार मोरोक्कोतल्या फेझ शहरात. "तिला तिकडं कशाला नेलंस?" असं तुम्ही गुरकावणार, ठाऊक आहे मला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी तुमचा आवाज काही खाली येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, तिचं विसरणं वाढतच जाणार. म्हटलं, माणसं ओळखतेय तोवर जग दाखवू. मोठी शहाणी मी!

त्या जुन्या शहराला चहूबाजूंनी तट आहे आणि आत एकही गाडी जात नाही. सगळं पायी. बोळ इतके अरुंद, की मागून खेचरवाला "बालाक, बालाक" ओरडत आला की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. आई सारखी थांबायची. वाद्यं करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानापाशी तर हलेचना. तुम्ही तंबोऱ्याचा भोपळा वाजवून बघायचात, तसं तिनं त्याच्या हातातलं वाद्य बोटाच्या पेरानं वाजवलं आणि म्हणाली, "लाकूड अजून वलं हाय बगा." मला ऊन उतरायच्या आत वेशीचा मोठा दरवाजा बघायचा होता. तिसऱ्यांदा हाक मारली आणि माझं डोकं फिरलं. "मग बस इथंच!" म्हणून तरातरा निघून गेले. दहा मिनिटांत परत येते, तर आई नाही. म्हातारा नुसता हात हलवतोय.

तिच्याकडं फोन नाही, पासपोर्ट माझ्या पिशवीत, मराठीशिवाय तिला काही येत नाही. मी धावतेय. प्रत्येक बोळ आधीच्यासारखाच. एका नळापाशी तिसऱ्यांदा येऊन पोचले. तिची साडी कुठल्या रंगाची होती हे सांगायला कुणाच्या तरी हिरव्या दाराकडं बोट दाखवतेय. आणि डोक्यात तुमचा तो तंबोऱ्यांचा कारखाना. नववीत असताना बाजारात आईला मागं टाकून मी मैत्रिणींबरोबर पुढं आले होते. तुम्ही भोपळा घासायचं थांबलात. "बरोबर नेलेलं माणूस बरोबर आणायचं असतं," एवढंच बोललात आणि त्या दिवशी जेवला नाहीत.

शेवटी एका मोठ्या दर्ग्याच्या दाराशी तिच्या कोल्हापुरी चपला दिसल्या, नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. दारात आडवा लाकडी दांडा. त्याच्या पलीकडं फक्त मुसलमानांनी जायचं, हे गाईडनं सकाळीच बजावलं होतं. आईला ते कुठलं लक्षात राहायला! मिरजेत उरसाला दर्ग्यावर गलेफाची चादर चढवायला आपलं घर कधी चुकलं नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, चपला काढायच्या, आत जायचं. त्यात विचारायचं काय? मी दांड्याशी उभी. आत जाता येईना, हाक मारावी तर लोक चिडतील. दारातल्या माणसाला चपला दाखवल्या, "मदर, मदर" म्हटलं. तो कपाळाला आठ्या घालून आत गेला. किती वेळ गेला देव जाणे. मग एका म्हातारीचा हात धरून आई आली, मुठीत साखरेचा खडा. तो माणूस छातीला हात लावून काहीतरी बोलला, रागाचं नव्हतं.

"कुटं गेली हुतीस गं? वाट बगून डोळं दुखलं," आई म्हणाली.

मी तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडले. तिनं पाठीवरून हात फिरवला. "रडू नगं. मी घावले म्हणून ह्यास्नी कळीव."

तिच्या लेखी तुम्ही अजून मिरजेत कारखान्यातच बसलेले. "हो, लिहिते," म्हटलं. तशी जवळ सरकून हळूच म्हणाली, "पर तू चिडून सोडून गेली हुतीस, ते नगं लिहू. ह्ये तुला रागवत्याल."

बाकी सगळ्यांना मी गर्दीत चुकामूक झाली म्हणून सांगितलंय. तुम्हाला तेवढं खरं लिहिलं. आत्ता ती स्वयंपाकघरातून विचारतेय, ह्यास्नी पत्र टाकलंस का. टाकलं म्हणून सांगते.