दाढेखालची लवंग

गुरुजी, तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं झाली. काल आमची फायनल झाली आणि आज सकाळी मी पुन्हा एक लवंग तोंडात टाकली, तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. आपल्या शाळेची खो-खोची मॅच सुरू झाली की तुम्ही सदऱ्याच्या खिशातून लवंग काढून दाढेखाली धरायचात आणि लिंबाखाली हात मागं बांधून उभे राहायचात. दुसऱ्या गावचे मास्तर घसा बसेपर्यंत ओरडायचे. तुमचा आवाज मैदानावर कुणी ऐकला नाही. आम्हाला वाटायचं, गुरुजींची दाढ दुखते. एकदा पळता पळता मी तुमच्याकडं बघितलं आणि बाद झालो. मॅच गेली. परतताना बांधावरून चालत होतो, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्या तोंडाकडं काय बघतोस? तिथं काही लिहिलेलं नाही." मी सातवीत होतो. तुमचं ते बोलणं बरेच दिवस लागून राहिलं. पुढं स्वतः मास्तर झालो आणि विसरून गेलो.

आता मी हैदराबादेत, जामबागेतल्या एका मुलींच्या कॉलेजात खेळाचा मास्तर आहे. आमच्या पोरी फुटबॉल खेळतात. आपल्या शाळेत फुटबॉल एकच होता, तोही हवा गेलेला, कपाटावर नकाशांच्या मागं पडलेला, म्हणून तुम्हाला याचं हसू येईल. दरवर्षी स्पर्धेला जायचं आणि पहिलीच मॅच हरून डबा खायला कॉलेजात परत यायचं, असं आमचं चालायचं. यंदा प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. कप आणलात तर टीम राहील, नाहीतर पुढच्या वर्षी कॉलेजच्या मैदानात स्कूटर लावायची सोय करू, असं त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळं मला जास्तच धास्ती बसली. मी पोरींवर दुप्पट ओरडायला लागलो, मराठी, उर्दू, तेलुगू, जे तोंडाला येईल त्यात. शेवटी कॅप्टन आली. दिलसुखनगरच्या साडीवाल्यांची पोरगी, घरात मराठी बोलतात, पण तिला धड वाचता येत नाही. म्हणाली, "सर, बुरा मानू नका. पण तुम्ही चिल्लावले की आम्ही बॉल सोडून तुमचं तोंड बघतो."

गुरुजी, मी उभ्या उभ्या सातवीत जाऊन पोचलो.

दुसऱ्या दिवशी वाटेतल्या मारुतीला नमस्कार केला आणि शेजारच्या दुकानातून लवंगा घेतल्या. पहिल्या मॅचला एक दाढेखाली धरून गप्प उभा राहिलो. मनात मारुतीचं नाव घेत होतो, कारण नुसतं गप्प राहणं मला जमत नव्हतं. आमची गोलकीपर अर्ध्या मैदानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सर के मुँह में क्या है की, आज बोलतेच नै." सगळ्या हसल्या. थोडा वेळ भांबावल्या, एकदोघी सवयीनं माझ्याकडं बघून गेल्या. मग एकीनं दुसरीला हाक मारली, दुसरीनं तिसरीला. इतकी वर्षं माझ्या आवाजाखाली त्यांचे आवाज दबलेले होते, हे मला त्या दिवशी कळलं. ती मॅच जिंकलो. पुढची जिंकलो. त्याच्या पुढचीही.

काल नामपल्लीजवळच्या मैदानावर फायनल. दोन्हीकडं एक-एक गोल, वेळ संपत आलेली. बॉल कॅप्टनच्या पायात आहे, समोर दोघी आडव्या, आणि डावीकडं आमची एक पोर पूर्ण मोकळी धावतेय. मला स्पष्ट दिसतंय. कॅप्टनला दिसत नाही. मॅडम माझ्या शेजारी खुर्चीत बसल्यात, आणि मला मैदान दिसायचं सोडून स्कूटरींच्या रांगा दिसायला लागतात. मी ओरडलो. "डावीकडं!" अगदी आपल्या गावच्या आवाजात, शेत ओलांडून हाक मारतात तसं. एकीनंही वळून बघितलं नाही. कॅप्टननं बॉल उजवीकडं दिला, तिथं कुणी आहे हे मला ठाऊकही नव्हतं, आणि गोल झाला.

कप आता मॅडमच्या कपाटात आहे. काल पोरींनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, सगळ्या गवतावर पडल्या. कॅप्टन मॅडमना सांगत होती, सर या सीझनला एक शब्द बोलले नाहीत. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि हसल्या. गोलकीपर म्हणाली, सर, लवंग दाखवा. मी तोंड मिटून बोटानं गालाकडं खूण केली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे पत्र रोजच्या पोथीत ठेवून देतो, दुसरा पत्ता माझ्याकडं नाही. लवंग त्या ओरडण्यात कधीच गिळली गेली होती, गुरुजी. गाल रिकामा होता.