चार बॅटऱ्या, अर्धी मिशी

लासुर्णे, ता. इंदापूर
२३ मार्च १९९७

तीर्थस्वरूप रावजी दाजींना कुंडलिकचा वाकून नमस्कार. अक्काची कंबर कशी आहे? तेल लावते का, का नुसती बाटली उशाशी ठेवून झोपते? इकडं आप्पांची प्रकृती उत्तम आहे. आज सकाळी त्यांनी दोन भाकरी आणि वाडगाभर पिठलं खाल्लं, तंबाखू मळली आणि मला नालायक म्हणाले. (एवढं अक्काला आधी वाचून दाखवा, मगच पुढचं वाचा. तुमच्या कानावर दुसरं काही आलं असेल तर ते खोटं आहे. कसं खोटं ते खाली येतंच.)

तुमच्या कंपनीत पाहुण्यांना फिरवणारी ती बॅटरीवरची मोटार मोडीत निघाली, तेव्हा तिचे दोन चार्जर तुम्ही भंगारातून माझ्यासाठी सोडवून आणले. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते. चार्जर उत्तम आहेत. पुढं जे झालं त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. एकाचं आतलं तारेचं गुंडाळं जळालेलं होतं, म्हणून त्याचे डायोड काढून दुसऱ्याला बसवले, कापलेल्या केबलच्या जागी विहिरीवरच्या मोटारीची केबल जोडली आणि पहिल्यांदा शंभराचा बल्ब मधे घेऊन चालू केला. काटा हलला. विजयमालेनं त्याला हळदकुंकू वाहिलं. (माझी बायको तुम्हाला ठाऊक आहे, पण ती म्हणाली पत्रात माझं नाव येऊ द्या.) फ्यूज मात्र सारखा उडायचा, तेव्हा त्या जागी जाडजूड तांब्याची तार आवळली. त्यानंतर फ्यूज एकदाही उडालेला नाही.

अडचण एवढीच की ती मोटार अठ्ठेचाळीस व्होल्टची, त्यामुळं तिचा चार्जर एकट्यादुकट्या बॅटरीला विचारत नाही. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीनं ठेवायच्या, एकीचं अधिक टोक दुसरीच्या उण्या टोकाला जोडायचं, अशी माळ झाली तरच हा राजा चालणार. म्हणजे ज्याची बॅटरी उतरली त्यानं आणखी तिघांची उतरायची वाट बघायची. लोक चावडीवर बसून एकमेकांना विचारायला लागले, तुमची कधी उतरतीय?

आता घरचं सांगतो. आमच्या सुकन्याचं लग्न सत्तावीस एप्रिलला आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच, याद्या तुमच्यासमोरच झाल्या. माझी एकच इच्छा आहे दाजी, आप्पा आणि तात्या दोघांनी मांडवात उभं राहून नातीवर अक्षता टाकाव्यात. सावळाराम तात्या आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ आहेत हे तुम्हाला सांगायला नको, पण आप्पांना अकरा वर्षं सांगावं लागतंय. सामाईक पाइपलाइनचा व्हॉल कुणी उघडा ठेवला यावरून बोलणं बंद झालं. ती पाइपलाइन गंजून गेली, व्हॉल कुणी तरी चोरून नेला, पण अबोला शाबूत आहे. तात्या आले तर मी मांडवात येणार न्हाय, असं आप्पांनी मला निक्षून सांगितलं होतं. तात्यांनीही तेच सांगितलं होतं, फक्त नाव बदलून.

गेल्या सोमवारी ओळीत तीन बॅटऱ्या होत्या. एक आपल्या ट्रॅक्टरची, एक स्पीकरवाल्याची, एक दूध डेअरीच्या जीपची. चौथीची वाट बघत होतो, तर भामाबाई चुलती तात्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी सायकलवर बांधून ढकलत घेऊन आल्या. मी जरा चाचरलो, तर म्हणाल्या, बोलणं त्यांचं बंद हाय, बॅटऱ्यांचं न्हाय. मला पटलं. ओळीच्या पुढच्या टोकाला जोडली. तेवढ्यात आप्पा काठी टेकत आले आणि त्यांनी बॅटरीवरचा पांढऱ्या रंगातला ‘सा’ वाचला. मी मनाशी म्हटलं, आता काढायला लावणार. तसं झालं नाही. त्यांनी ओळ निरखली आणि विचारलं, त्याची पुढं आणि माझी मागं का? मी म्हटलं, आप्पा, करंटला पुढं-मागं नसतं, चौघींतनं सारखाच जातो. त्यावर आप्पा म्हणाले, म्हंजी त्याच्यातनं निघालेला माझ्यात शिरणार? थोरला कोण हाय?

याचं उत्तर कुठल्याही वायरमनच्या पुस्तकात नाही. मी मुकाट्यानं चिमटे काढले, आप्पांची बॅटरी उचलून पुढं ठेवली, तात्यांची मागं सरकवली आणि पुन्हा माळ जोडली. त्या उचलाउचलीत आप्पांची उलटी बसली. (बाप डोक्यावर काठी घेऊन उभा असताना अधिक-उणे तपासणारा माणूस मला दाखवा, मी त्याचे पाय धुऊन पाणी पितो.) बटण दाबलं तसा चार्जर घुमायला लागला, काटा शेवटाला जाऊन तिथंच बसला आणि बॅटऱ्या आमटीसारख्या रटरटायला लागल्या. फ्यूज, वर लिहिल्याप्रमाणं, उडाला नाही. आधी बटण बंद करायचं सोडून मी खाली वाकून चिमटा ओढला. ठिणगी पडली, बॅटरीची टोपणं पत्र्याला जाऊन लागली आणि आतलं ॲसिड माझ्या अंगावर उडालं. डोळे चष्म्यामुळं वाचले. विजयमालेनं रांजण रिकामा होईपर्यंत माझ्यावर पाणी ओतलं आणि त्यानंतरही थोडा वेळ तांब्या हाणत होती. आप्पा लांब उभे होते, त्यांना काही झालं नाही. माझी बंडी चाळणी झाली आणि मिशीची उजवी बाजू गेली.

अर्धी मिशी घेऊन हिंडता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी वालचंदनगरला जाऊन उरलेली उतरवली. बाप गेल्याशिवाय आपल्याकडं कुणी मिशी काढत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ते न्हाव्याच्या ध्यानात आलं. त्यानं पैसे घेतले नाहीत, उलट पाठीवर हात ठेवला. मला माणूस फार चांगला वाटला. (डोकं तर माझं तिशीतच आपोआप झालेलं आहे, त्यामुळं कसर काही राहिली नाही.) तिथून नवे चिमटे घ्यायला बारामतीला आलो. स्टँडवर व्याह्यांचे भाऊ भेटले. त्यांनी लांबूनच खाली मान घालून हात जोडले. मीही जोडले.

घरी पोचतो तर दारात ही गर्दी! बायका गळ्यात पडून रडत होत्या, सोप्यात माणसं बसलेली, कुणी तरी सरपणाचीही चौकशी करत होतं. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते आप्पा मघापर्यंत मळ्यात होते. ते गर्दी बघून घाबरले, घरातलंच कोण तरी गेलं असं समजून डोक्यावर टॉवेल घेऊन कोपऱ्यात बसले आणि सगळ्यांबरोबर रडायला लागले. रडणाऱ्याचं तोंड कोण निरखून बघतो? पाच-दहा मिनिटं हे असंच चाललं.

आणि मग बांधावरून तात्या आले. पळत आले, दाजी. सत्तरीचा माणूस, पायात वहाण नाही, धोतराचा सोगा मातीतून ओढत. उंबऱ्यात येऊन मटकन बसले आणि दादा, मला एक शबूद न बोलता गेलास व्हय रं, म्हणून जो टाहो फोडला, तो ऐकून बाकीची माणसं रडायची थांबली. कोपऱ्यातला टॉवेल खाली आला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तात्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, मेला न्हाईस? आप्पा म्हणाले, न्हाय. मग एवढा गाव कशाला गोळा केलास? मी कुठं केला? बस, च्या घे.

अकरा वर्षांनी एवढं बोलणं झालं. मला रडू आवरेना, तेव्हा लोकांना पुन्हा शंका आली. चहा पिऊन दोघांनी मिळून मला जे झापलं, ते लिहीत नाही, अक्का वाचणार. पण असं झापून घ्यायला मी रोज बॅटरी उलटी जोडीन. आता तात्या सकाळीच येतात. लग्नात नवरीच्या बापाला खोटी मिशी लावायची का नाही, यावर दोघांचं पटत नाही, आणि ते मोठ्यानं पटत नाही.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुमचा,
कुंडलिक

ता.क. : जळालेल्या चार्जरचा ट्रान्सफॉर्मर मी पुन्हा भरून बघणार होतो. विजयमालेनं तो विहिरीत टाकला आहे.

ता.क. दुसरा : पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. व्याह्यांचा इंदापूरहून निरोप आलाय की दुःखद प्रसंग कळला, आता वर्ष झाल्याशिवाय लग्न नको. नाही हो, आप्पा आहेत, असा उलट निरोप धाडला, तर म्हणाले, आमच्या भावानं डोळ्यानं बघितलंय. मी स्वतः जावं तर माझं तोंडच त्यांना सुतक सांगतं. आप्पांना चला म्हटलं, तर मी जिता हाय म्हणून दारोदार सांगत हिंडू का, म्हणतात. सुकन्या दोन दिवस जेवलेली नाही. तेव्हा हात जोडतो दाजी, उद्याच्या उद्या इंदापूरला जा आणि सोबतचा कागद व्याह्यांच्या हातात द्या. अक्षर दोघांचं आपापलं आहे, मी एक शब्द सांगितलेला नाही.

(सोबतचा कागद)

मी खाली सही करनार जिता हाय. लग्न ठरल्या दिवशीच व्हईल.
— आप्पा

वरील इसम माजा सख्खा थोरला भाऊ हाय. तो जिता हाय. हे मी त्याच्यासंग समक्ष बोलून लिवतोय.
— साक्षीदार, सावळाराम