ईडलिंबाची साल

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार
आलापल्ली

प्रिय दिनेशले,
तुह्या मोठ्या बहिणीचे, सोमारीचे, अनेक आशीर्वाद. तिकडं तुही तब्येत बरी असंल अशी आशा करतो. मी ठीक आहे. तू माहा फोन उचलत नाई म्हणून कागद घेतला. शेजारचा कोलूभाऊ परवा मंचेरियलले जाऊन राह्यला, त्याच्याच हाती देतो. तो तुह्या वीटभट्टीवर येऊन देईन म्हणाला.

धान कापून झाला. खालच्या बांधीतला पुरात गेला, वरचा राह्यला. काळी शेळी व्याली, दोन पाटी झाल्या. शाळेजवळचा मोठा साग वादळानं पडला, त्याले फॉरेस्टवाले घेऊन गेले.

बाबा गेले तवा तू नाई आला, ह्याचा मले राग नाई. पाच दिवस रस्ता पाण्याखाली होता, नाल्यावरून माणूसही येत नोहता. कोलूभाऊनं तुले फोनवर कळवलं म्हणे. मी सारं केलं. तुह्या नावाची मातीही मीच टाकली.

आता बाबांच्या शेवटच्या दिवसांचं सांगतो, ते तुले कोनी सांगतलं नसंल.

उन्हाळ्यापासून त्यांचं जेवण तुटलं होतं. पेजही गिळवत नोहती. मे महिन्यात एक दिवस म्हणाले, "दिनेशची ते मधाची दारू करशील का? घोटभर." मी ऐकलं नाई असं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी मध काढणाऱ्या झिंगूकडून मध आणला.

तू करत होता ते मी पाह्यलं होतं. एक भाग मध, तीन भाग कोमट पाणी, वरून मूठभर वाळलेली मोहाची फुलं, आंबायले. पण ईडलिंबू कसं घालायचं ते मले नीट ध्यानात नोहतं. मी आख्खं फळ किसलं, सालीखालचं पांढरंही गेलं, आणि रस पहिल्याच दिवशी पिळला. आठ दिवस बुडबुडा नाई. चाखलं तं कडू जहर. सारं उकिरड्यावर ओतलं.

दुसऱ्या वेळी कुंपणाजवळच्या झाडाची दोन फळं घेतली आणि ब्लेडनं नुसती वरची पिवळी साल काढली, कागदासारखी पातळ. रस घातलाच नाई. तिसऱ्या दिवशी बरणी फसफसली. फेस बसल्यावर मंग थोडा रस. तू असंच करत होता ना? तुह्या लग्नाच्या सुपारीले येणाऱ्या पाहुण्यांना द्यायची होती तवा तू म्हणाला होता, "बाई, घाई केली का आंबट होते, आंबणंच थांबते."

बरणी मी धानाच्या कणगीमागं लपवली. मी! गावच्या दारूबंदी गटाची अध्यक्ष. अंगणात कोनाचं पाऊल वाजलं का मी सूप घेऊन कणगीपुढं बसत होतो. एक दिवस रुखमा गटाची वही घेऊन आली. बसली, इकडंतिकडं पाह्यलं आणि म्हणाली, "सोमारीबाई, घरात ईडलिंबाचा वास येऊन राह्यला. लोणचं घातलं का?" मी हाव म्हणालो. रुखमा गेल्यावर मी बरणीवर दोन गोधड्या टाकल्या. आपल्याच घरात भ्यायचं म्हणजे काय, ते तवा समजलं.

जुलैच्या शेवटी बाबांना चमच्यानं पाजलं. त्यांनी डोळे मिटले, जीभ फिरवली.
"कडू नाई लागली. दिनेशनं शिकवलं का तुले?"
"नाई बाबा, पाहून पाहून शिकलो."
त्यांनी कूस बदलली. मले वाटलं, झोपले. मंग म्हणाले, "एवढं पाहत होती, तं ठाण्यात जाऊन सांगतलं काऊन?"

दिनेश, हेच लिहायले मी शेळीपासून सुरुवात केली.

मीच सांगतलं होतं. मध त्यानं दिला होता म्हणून तू झिंगूवर संशय घेतला, त्याच्याशी बोलणं सोडलं. त्या बिचाऱ्याचा काईच दोष नाई. मी सकाळी सरपणाले जातो म्हणून निघालो आणि ठाण्यात गेलो. बाबांनी पाह्यलं होतं. तीन वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं. मी विचारलं, "दिनेशले काऊन नाई सांगतलं?" तं म्हणाले, "पोरगा तं गेलाच होता. पोरीलेही घालवू का?"

तुह्या भाऊजींनं रक्ताच्या उलट्या करत माह्या मांडीवर जीव सोडला, ते तुले ठाऊक आहे. त्यानंतर मी माहेरी राहायले आलो, आणि मले दारू म्हणजे दारू, मोहाची असो का मधाची. आम्ही अकरा घरची मडकी फोडली. मंग मीटिंगमध्ये रुखमा सर्वांसमोर म्हणाली, "अध्यक्षबाईच्या माहेरी बरणी भरून आहे, तिकडं काऊन नाई जात?" साऱ्या बाया माह्या तोंडाकडं पाहत होत्या. तुही सुपारी होती, देवाले आणि पाहुण्यांना म्हणून तू केली होती, हे मले ठाऊक होतं. बाबांनीच सांगतलं होतं तुले, यंदा आपल्या पेनदेवापुढं मधाची ठेवू म्हणून.

ठाण्यात साहेबानं विचारलं, "विकतो का?"
मी हाव म्हणालो.
मले भीती वाटली, विकत नाई म्हणालो तं ते येणारच नाई, आणि मी गटापुढं खोटी पडीन. तेवढ्यासाठी, दिनेश. त्या एका शब्दासाठी तुह्यावर विक्रीची केस लागली. तू वनरक्षकाच्या भरतीत धावण्यात पहिला आला होता, पोलीस चौकशीत नाव कटलं. रंजीताच्या बापानं सुपारी मोडली. तिले चामोर्शीकडं दिलं, एक पोरगी आहे म्हणतात. तू गाव सोडलं. आणि गटानं मले शाल दिली, ते मी घेतली.

बाबांनी त्यानंतर आठ दिवस रोज एक चमचा घेतली. मंग तेही बंद झालं.

मागच्या शुक्रवारी मी गटाच्या मीटिंगमध्ये सारं सांगतलं, बरणीचंही. रुखमानं वही उचलली आणि बाया एकेक करून उठून गेल्या. काल अहेरीले वकिलाकडं गेलो. तू विकत नोहता, मी खोटं सांगतलं, असं लिहून देऊन सही केली. खोटं बोलल्याबद्दल तुमच्यावरही केस येऊ शकते, असं वकील म्हणाले. येऊ दे. दारू करण्याची केस राहील, विक्रीची निघंल असं त्यांना वाटते. भरतीचं वय तं तुहं निघून गेलं. ते कोनत्याच कागदानं परत येत नाई, मले समजते.

अहेरीच्या कोर्टात तारीख नऊ डिसेंबरची आहे, सकाळी अकराची. मी जजसाहेबासमोर उभी राहून तोंडानं सांगीन. तू आला तं बरं. माह्याशी बोलू नको, माह्याकडं पाहूही नको. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाले बसीन. सांगून झालं का मी आधी निघीन, तुले माह्यासोबत एका गाडीत बसायचं काम पडणार नाई.

खाली "तुही बाई" लिहिलं होतं, ते खोडलं.

सोमारी