कुदळीच्या तालावरचं गाणं

क्राकोव्ह, १८ डिसेंबर

बाबा, तुमच्या ब्रोन्काचा नमस्कार.

मी बरी आहे, खोकलाही गेला. तुमचा गुडघा कसा आहे? जमीन गोठल्यावर कबर खणायला कुणाला मदतीला घेता की नाही?

तुमचं नाताळचं गाणं परवा रेडिओवर लागलं होतं. निवेदक म्हणाला, "जुनं लोकगीत, कर्ता अज्ञात." तुम्ही ऐकलं असेल. ते माझ्यामुळे झालं.

मी ते इथल्या गायनवृंदात गाऊन दाखवलं, तेव्हा सरांनी मला विचारलं होतं, "पोरी, हे केलं कुणी?" माझे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, असं मी इथे सगळ्यांना सांगून बसले होते. तुमचं नाव घेतलं तर ते खोटं उघडं पडेल, या भीतीने तोंडातून निघून गेलं, "कुणास ठाऊक, फार जुनं आहे." सर खूश झाले. म्हणाले, "लय बघा, अगदी पाळणा हलवल्यासारखी!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

ती लय तुमच्या कुदळीची आहे, बाबा. कबर खणता खणता तुम्ही गाणं जुळवलंत, मी काठावर बसून पाठ केलं.

काल सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "गाण्यांची पुस्तिका 'कर्ता अज्ञात' म्हणून छापून झाली गं, आता राहू दे." आणि मी राहू दिलं.

सोबत नाताळच्या रात्री घरच्यांनी एकमेकांना माफ करून मोडून खायची पवित्र पापडी आहे. माझा तुकडा मोडून घेतलाय. मनापासून माफ केलंत तरच तुमचा मोडा.

पाकीट घरमालकीणबाई पोस्टात टाकतील, आणि मागच्या बाजूचं पाठवणाऱ्याचं नाव वाचल्याशिवाय राहणार नाहीत. वाचू देत. तिथेही इथल्यासारखंच लिहिलंय:

कबरी खणणाऱ्या व्हालेंतींची मुलगी,
ब्रोन्का